दाखला अडवला तर थेट बालहक्क आयोगाकडे जावं का?

गिरणाकाठ:
चाळीसगाव तालुक्यातली विनाअनुदानित शाळा. फी थकली म्हणून सातवीतल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवलाय, शिवाय यंदाची फीवाढही पालकांना मान्य नाही. दोन्हींचा मिळून एकच अर्ज मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे पाठवला, तर आयोग शाळेला हुकूम देऊ शकतो का?

पांझरा:
आयोग म्हंजे कोर्ट नई शे भाऊ. २००५ च्या बालहक्क संरक्षण आयोग कायद्यातलं कलम १४ त्याला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार देतं: समन्स काढणं, कागद मागवणं, शपथपत्रावर पुरावा घेणं. चौकशी संपली की कलम १५, आणि तिथे शब्द आहे 'शिफारस'. ती शासनाला करायची, नाहीतर आयोगानेच उच्च न्यायालयात जायचं. शाळेची मान्यता काढणं त्याच्या हातात नाही.

शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे आयोग अपिलाच्या पायरीवर बसतो. पहिली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे जिल्हा परिषदेकडे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर आयोग. ही पायरी गाळली की अर्ज मुंबईहून अहवालासाठी फिरून शिक्षणाधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतो, मधले आठवडे वाया.

शाळा पाचवी ते दहावी असेल तर प्राथमिक विभाग माध्यमिककडे बोट दाखवतो आणि माध्यमिकवाले उलटं. म्हणून एकच अर्ज दोन्ही शिक्षणाधिकाऱ्यांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख हवीच, ते ३ महिने मोजायचे कशावरून?

सातपुडा:
दोन विषय एका अर्जात घालू नका. फी हा २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याचा मामला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ टक्के पालक एकत्र आले तरच विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं, आणि आपला विभाग नाशिक. एकट्या पालकाचा फीवाढीविरुद्धचा अर्ज आयोगाकडे गेला तरी दर ठरवायचं काम आयोगाचं नव्हे.

दाखल्याचं शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ५(३). मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा, उशीर केला तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. दाखला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. गोम अशी, की बदलीचा हा हक्क सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यापुरता आहे. एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाणाऱ्याला हे कलम दाखवून फारसं हाती लागत नाही. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं असेल तर दाखल्यासाठी थांबूच नका, प्रवेश घ्या आणि तक्रार मागून चालू द्या.

गिरणाकाठ:
मोठी बहीण नववीत आहे. तिच्यासाठीही हेच?

सातपुडा:
नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीला कलम ३२ चं अपील नाही. २००५ च्या कायद्याखाली बालहक्काचं उल्लंघन म्हणून आयोगाकडे तक्रार जाते, पण शेवट पुन्हा शिफारशीवर. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सातवीलाही शिक्षण हक्क कायदा लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालापासून. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडची सरकारी आश्रमशाळा असेल तर दार वेगळंच: तळोद्याचे आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी.

पांझरा:
एक राहिलं. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही, २००५ च्या कायद्याचं कलम १३(२). घाईघाईत दिल्लीलाही तोच अर्ज टाकतात, त्याने काही साधत नाही. शिफारस होऊनही शाळा ढिम्म राहिली तर पालकांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हींसाठी औरंगाबाद खंडपीठ. तिथे पहिल्यांदा लागेल तो झेडपीचा आवक क्रमांकच.