मदत हवी आहे: 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' तोडायचा कुठे?

नमस्कार. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सोमवारी वर्गात याच विभागाबद्दल बोलायचंय आणि नावापाशीच अडतेय. स्पेलिंगमध्ये १९ अक्षरं!

अर्थ पाठ आहे. मुळं ग्रीक: ओटो कान, रायनो नाक, लॅरिंक्स स्वरयंत्र, लॉजी शास्त्र. आपण म्हणतो त्याच क्रमाने, कान-नाक-घसा. (गेंड्याचं इंग्रजी नावही याच रायनोवरून, नाकावर शिंग असलेला. हे कळल्यापासून तो तुकडा विसरले नाही.)

म्हणून मी ओटो, रायनो, लॅरिंगो, लॉजी असं वाचते, जोर 'लॉ'वर. शब्दकोशात मात्र ९ सिलॅबल आहेत: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉल-अ-जी, आणि जोर 'गॉल'वर. ग आधीच्या तुकड्याचा, ल पुढच्याचा, मग दोघे एकत्र कसे? आणि लॅरिंजायटिसमध्ये त्याच ग चा ज का होतो?

प्रतिसाद १

तुमची फोड चुकलेली नाही, पण ती अर्थाची फोड आहे. स्पेलिंग लक्षात ठेवायला तीच वापरा. बोलताना जीभ स्वर धरून चालते. 'सूर्योदय' म्हणताना आपण सूर्य, मग उदय असं थांबतो का? 'यो'मध्ये दोन्ही शब्द मिसळलेत. 'गॉल'चं तेच.

जोराचं म्हणाल तर, लॉजीने संपणाऱ्या शब्दांत तो शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर येतो. बायॉलजी, सायकॉलजी मोठ्याने म्हणून बघा. त्यानंतरचा ओ जवळजवळ अ होतो. आपण 'लॉजी' लिहितो, म्हणून तिथेही तोंड गोल करतो आणि शब्द जड होतो.

ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या अशा शब्दांत स्पेलिंगमधल्या जी पुढे ई, आय किंवा वाय आला की सहसा ज, ओ आला की ग. त्याबरोबर अनुस्वारही बदलतो: लॅरिंगॉलजीत 'गंगा'मधला, लॅरिंजायटिसमध्ये 'पंजा'मधला. आपल्याला हे शिकावंही लागत नाही.

सराव शेवटाकडून करा: जी, अजी, गॉलजी, रिंगॉलजी, लॅरिंगॉलजी. मग पुढे नो, राय, टो, ओ जोडत जा.

धागाकर्ती

'रिंगॉलजी' चौथ्या वेळेला सुटसुटीत आलं! अख्खा शब्द एका दमात अजून होत नाही. रायनोनंतर किंचित थांबले तर चालेल?

प्रतिसाद १

खुशाल थांबा. तिथे अर्थाचा आणि सिलॅबलचा सांधा एकाच जागी पडतो. लॅरिंगोनंतर मात्र नको.