बीपीसी-१५७ चं रिफिल बंद झालंय, दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर मिळेल का? (अमेरिका)

निशिगंध | ९ मार्च २०२५
घाईत आहे म्हणून थेट विचारते. नवऱ्याच्या खांद्यासाठी बीपीसी-१५७ या पेप्टाइडची (प्रथिनाचा छोटा तुकडा) इंजेक्शनं चालू होती. क्लिनिकने पैसे आगाऊ घेतले आणि आता सांगतात, "आमच्या फार्मसीने बनवणं बंद केलं, नियम आहे." कुठला नियम, ते कोणी धड सांगत नाही. प्रिस्क्रिप्शन रीतसर डॉक्टरांचं आहे, मग फार्मसी नाही कशी म्हणते? दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं तर चालेल का? "पेप्टाइडच्या नादी लागू नका" हा सल्ला नको, तो घरून रोज मिळतोय.

पाणपोई
राहता कुठे? राज्य सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवाटा
काही अडत नाही. मी गुडघ्यासाठी फ्लोरिडातल्या एका ऑनलाइन क्लिनिककडून घेतलं. व्हिडिओवर बोलणं झालं, पुढच्या आठवड्यात पार्सल दारात. मला तरी गुण आला. फ्लोरिडात नियम सैल आहेत, तिकडेच बघा.

खलबत्ता
मी ओहायोत फार्मासिस्ट आहे, कंपाउंडिंगच करते, म्हणजे एकेका रुग्णासाठी औषध बनवून देते. रानवाटा, राज्याचा नियम सैल असला तरी केंद्राचा कायदा सुटत नाही.

निशिगंध, कंपाउंडिंग फार्मसीला केंद्राच्या औषध कायद्याचं कलम ५०३ए लागू होतं. एका रुग्णाच्या नावाने प्रिस्क्रिप्शन असलं की औषध बनवता येतं, पण कच्चा माल तीनपैकी एका दारातून यावा लागतो: त्याचा यूएसपी मोनोग्राफ (अमेरिकेच्या औषध-मानकांच्या ग्रंथातली नोंद) हवा, किंवा तो एफडीएने (केंद्राची औषध नियामक संस्था) मंजूर केलेल्या औषधाचा घटक हवा, किंवा एफडीएच्या यादीत हवा. बीपीसी-१५७ यातल्या एकाही दारातून येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएने त्याला कॅटेगरी २ मध्ये टाकलं, म्हणजे सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका असलेले पदार्थ. इंजेक्शनमधली अशुद्धी, शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटण्याची शक्यता, आणि माणसांवरची माहिती जवळजवळ नाहीच, अशी कारणं दिली आहेत. फार्मसीने बनवणं थांबवलं ते योग्यच केलं.

औदुंबर
पण डॉक्टर ऑफ-लेबल काहीही लिहू शकतात ना? माझ्या बहिणीला पीसीओएससाठी मेटफॉर्मिन दिलंय, ते मधुमेहाचं औषध आहे.

खलबत्ता
मेटफॉर्मिन मंजूर औषध आहे, फक्त वेगळ्या आजारासाठी दिलं. ऑफ-लेबल म्हणायला आधी लेबल हवं. बीपीसी-१५७ कुठल्याच आजारासाठी मंजूर नाही. डॉक्टरांनी सही केली म्हणून फार्मसीला ते बनवायची मुभा मिळत नाही. उलट त्या सहीबद्दल राज्याचं मेडिकल बोर्ड डॉक्टरांनाच जाब विचारू शकतं.

रानवाटा
हे सगळं मोठ्या औषध कंपन्यांसाठी चाललंय. पेटंट मिळत नाही म्हणून स्वस्त गोष्टी दाबतात. पाच पेप्टाइडं मागच्या वर्षी कॅटेगरी २ मधून काढली, ते का नाही सांगत?

खलबत्ता
सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, थायमोसिन अल्फा-१ वगैरे काढली, पण ती कॅटेगरी १ मध्ये, म्हणजे बनवायला एफडीए तूर्त हरकत घेत नाही अशा गटात, गेली नाहीत. नंतर एफडीएच्या सल्लागार समितीपुढे या तिन्हींचा विषय आला आणि समितीने यादीत घेऊ नये असंच मत दिलं. बीपीसी-१५७ तर त्या पाचांतही नव्हतं.

कंपन्यांचं म्हणाल तर २०१२ आठवा. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीच्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी निघाली आणि ६० हून अधिक माणसं गेली. पाठदुखीसाठी इंजेक्शन घ्यायला गेलेली माणसं होती ती. त्यानंतर कंपाउंडिंगवर देखरेखीसाठी २०१३ चा कायदा आला. मी रोज निर्जंतुक हवेच्या हूडखाली हात घालून काम करते, मला हे विसरता येत नाही.

तुळसवृंदावन
निशिगंध, माझं ऐकशील का बाळा? माझाही खांदा आखडला होता. फिजिओथेरपी नेमाने केली, घरी तिळाच्या तेलाने शेक दिला, वर्षभरात हात वर गेला. एमआरआय केलाय का त्यांचा?

निशिगंध
काकू, फिजिओ झालंय, एमआरआयही झालाय. आम्ही न्यू जर्सीत आहोत. सर्मोरेलिन हे दुसरं पेप्टाइड कायदेशीर आहे असं कुठे तरी वाचलं, ते का चालतं मग?

खलबत्ता
कारण सर्मोरेलिन एकेकाळी मंजूर औषध होतं. कंपनीने बाजारातून काढलं, पण सुरक्षितता किंवा परिणामाच्या कारणाने नाही. म्हणून ते दुसऱ्या दारातून येतं. खांद्याशी त्याचा संबंध नाही मात्र.

दुसऱ्या राज्याचं विचारलंत त्याबद्दल: व्हिडिओवर का होईना, रुग्ण जिथे बसलाय त्या राज्यात डॉक्टरांना प्रॅक्टिसची परवानगी लागते. म्हणजे तुमच्यासाठी न्यू जर्सीची. बाहेरून औषध पाठवणाऱ्या फार्मसीचीही तिथे नोंद हवी. राज्याच्या फार्मसी बोर्डाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं.

मॅरेथॉनवेडा
एक सांगून ठेवतो. धावण्याच्या किंवा कसल्याही स्पर्धेत उतरत असतील तर बीपीसी-१५७ वाडाच्या (खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) बंदी यादीत आहे, २०२२ पासून.

कोकणकडा
माझा वेगळा प्रश्न आहे. बायकोला कंपाउंडेड सेमाग्लुटाइड (मधुमेह आणि वजनासाठीचं औषध) चालू आहे, तेही बंद होणार का?

खलबत्ता
हो. मूळ औषधाच्या तुटवड्यामुळे ते बनवायची मुभा होती, पण २१ फेब्रुवारी २०२५ ला एफडीएने तुटवडा संपल्याचं जाहीर केलं. साध्या कंपाउंडिंग फार्मसीला २२ एप्रिल २०२५ पर्यंत आणि मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या ५०३बी वाल्यांना २२ मे २०२५ पर्यंतच मुदत दिली. आत्ताच डॉक्टरांशी बोला, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

देवगिरी
पुण्याहून भावाला पाठवायला सांगितलं तर? इथे ओळखीचे केमिस्ट आहेत.

पाणपोई
अहो, अमेरिकेत मंजुरी नसलेलं औषध टपालाने मागवणंही बेकायदेशीरच. पार्सल अडकलं तर नाव त्यांचंच लागणार. असले सल्ले देऊ नका.

निशिगंध
एक राहिलं. मागच्या महिन्याची एक बाटली फ्रिजमध्ये आहे. आत्ता लेबल नीट वाचलं. नवऱ्याचं नाव नाही, फार्मसीचं नाव नाही. एक लॉट नंबर आणि खाली बारीक अक्षरात "फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही". ही त्या क्लिनिकनेच दिलेली आहे.

खलबत्ता
मग ती फार्मसीची नाहीच. फार्मसीच्या लेबलवर रुग्णाचं नाव, लिहून देणारे डॉक्टर, तारीख आणि फार्मसीचा पत्ता असतो. हे संशोधनाच्या नावाखाली विकलं जाणारं रसायन आहे, ते निर्जंतुक आहे की नाही कोणी तपासलेलं नसतं. आता एकही टोचू नका, आणि बाटली फेकूही नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पावत्या एकत्र करा. क्लिनिककडे फार्मसीचं नाव लेखी मागा. टोचलेल्या जागी लाली, गाठ किंवा ताप काही आलं होतं का?

निशिगंध
गाठ आली होती, दोनदा. क्लिनिकने "होतं असं" म्हणून सांगितलं.

खलबत्ता
हे नेहमीच्या डॉक्टरांना उद्याच सांगा आणि बाटलीचा फोटो दाखवा. एफडीएच्या मेडवॉचवर (दुष्परिणाम कळवायची सोय) स्वतःही नोंद करता येते. मेडिकल बोर्डाकडे तक्रार करायची असेल तर मसुदा मी बघून देईन, मला मेसेज करा. पैशांसाठी राज्याच्या ग्राहक विभागाकडे अर्ज करा, तिथे ही पावतीच कामाला येईल.