लिनक्स असलं तरी बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी एकदा तपासाच

एकांनी लिहिलंय की डेबियन हे लिनक्स टाकलं की बंदिस्त, म्हणजे मुक्त परवाना नसलेल्या, सॉफ्टवेअरचा प्रश्नच मिटतो. तसं नाही. कळव्यात आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेसाठी दोन जुने लॅपटॉप डेबियनवर आणले, तेव्हा चेक-डीएफएसजी-स्टेटस हे मुक्त नसलेल्या पॅकेजांची यादी देणारं साधन चालवून पाहिलं. याचंच जुनं नाव व्हीआरएमएस, म्हणजे व्हर्च्युअल रिचर्ड एम. स्टॉलमन; स्टॉलमन हे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते. नॉन-फ्री या बंदिस्त सॉफ्टवेअरच्या विभागातलं अनरार (आरएआर फाइल उघडणारं) लगेच सापडलं. कॉन्ट्रिब, म्हणजे स्वतः मुक्त पण बंदिस्त गोष्टींवर अवलंबून असलेल्या पॅकेजांचा विभाग; त्याखाली मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट आणणारं पॅकेज होतं. फॉन्ट त्याच्या पोटात नसतात, ते बाहेरून उतरवले जातात, म्हणून ते कॉन्ट्रिबमध्ये. अनरारच्या जागी अनार हे मुक्त साधन टाकलं. फॉन्टसाठी लिबरेशन हे मुक्त फॉन्ट पुरतात, कारण त्यांची अक्षररुंदी एरियल आणि टाइम्स न्यू रोमनशी जुळते आणि मुलांच्या अर्जांची पानं विस्कटत नाहीत.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे साधन परवाना वाचत नाही, पॅकेजवर लिहिलेला विभाग पाहतं. गूगल क्रोमच्या डेब फाइलवर (डेबियनच्या पॅकेज फाइलवर) विभाग नुसता 'वेब' असा असतो, म्हणून ते बंदिस्त असूनही यातून निसटतं. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या सॉफ्टवेअर बसवण्याच्या वेगळ्या पद्धतींनी टाकलेलं तर याला दिसतच नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

फर्मवेअरचंही, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, पाहा. डेबियनच्या सदस्यांच्या २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बंदिस्त फर्मवेअर येतं. वायफायसाठी मी ते ठेवलं, पण मुलांना ते दाखवून, का ठेवलं ते सांगून.