चिऱ्याची धूळ आणि पडवीचे जुने पत्रे: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं चिरेबंदी घर आहे, म्हणजे लाल जांभ्या दगडाचं. मिरगाआधी दोन कामं उरकायची आहेत: वायरिंगसाठी भिंतींना खाचा मारणं आणि पडवीवरचे सिमेंटचे पत्रे उतरवणं.

परवा गवंडी ग्राइंडर घेऊन आला. पायात स्लिपर, तोंडाला टॉवेल. दहा मिनिटांत माजघरात समोरचं माणूस दिसेना. काम थांबवून त्याने नाक शिंकरलं तर टॉवेलवर लाल चिखल! मी दिलेला मास्क मात्र खिशातच. "दादा, जीव घुसमटता ओ." गॉगल कपाळावर, कारण घामाने धुरकटतो. खोटं कशाला बोलू, मीही घालून पाहिला, या उकाड्यात पाच मिनिटं निघाली नाहीत.

उकाड्यात चालेल असा मास्क-गॉगल कोणता? आणि वडील पत्रे हातोडीने फोडायला निघालेत, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद:
आधी बाबांच्या हातातली हातोडी काढून घ्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज) आहे असंच धरून चाला. फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, आणि त्रास कळतो तो वीस-तीस वर्षांनी. पत्रे साबणाच्या पाण्याने भिजवा, नट सोडवून अखंड उतरवा. पत्र्यावर उभं राहू नका, जुना पत्रा कडकन मोडतो. झाडू नको, ओलं फडकं. इथे एफएफपी३ मास्कच हवा (एफएफपी ही धूळ गाळणाऱ्या मास्कची प्रतवारी, ३ म्हणजे सगळ्यात वरची).

खाचांना ग्राइंडर कशाला? चिरा मऊ असतो. भिंतीवर पाणी मारून छिन्नी-हातोडीने खोदा, धूळ निम्म्याहून कमी होते. (ओल्या भिंतीवर साधा ग्राइंडर नकोच, शॉक बसेल.) खाचांच्या कामाला आयएस ९४७३ (अशा मास्कचं भारतीय मानक) छापलेला, झडपवाला एफएफपी२ पुरतो. दाढी असेल तर कडेने धूळ आत जाते. गॉगल बाजूने बंद पण आडोशाची छिद्रं असलेला घ्या, कमी धुरकटतो. काम सकाळी सहा ते दहा. ग्राइंडर चालवायचाच झाला तर सुती हातमोजे घालू नका, चकतीत अडकतात.

धागाकर्ता:
आभार! हातोडी माळ्यावर लपवली. बाबा म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होते मास्क?" आजोबांना शेवटी धाप लागायची, हे मी बोललो नाही. मास्क उद्या चिपळूणहून आणतो. पण उतरवलेले पत्रे ठेवायचे कुठे? शेजारी गोठ्यावर घालायला मागतायत.