आईपाशी नुसतं बसायला कोणी मिळेल का?

गोदाकाठ (नाशिक)

आई ७४ वर्षांची आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर कळला तेव्हाच यकृतात पसरलेला होता. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता केमो नको, घरी न्या. दुखण्यावरचं औषध चालू आहे, पॅलिएटिव्हचे (म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे) डॉक्टर फोन उचलतात. ब्यूरोची मावशी दिवसपाळीला येते, अंग पुसणं, डायपर सगळं नीट करते. म्हणजे नर्स नकोय.

आईशी काय बोलायचं तेच आम्हाला कळत नाही. मी आत जातो, गोळीची वेळ बघतो आणि बाहेर येतो. वडील दारापर्यंत येऊन परत फिरतात. बहीण शारजाहून रोज व्हिडिओ कॉल करते आणि "तिला काहीतरी खायला घाला रे" म्हणून रडते. परवा आईने विचारलं, "मी जाणार आहे का रे?" मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतेस, सूप आणतो." तेव्हापासून ती गप्प आहे.

परदेशात 'डेथ डूला' असतात म्हणे, शेवटच्या दिवसांत माणसाला आणि घरच्यांना सोबत करणारे. आपल्याकडे असं कोणी येऊन बसतं का? पैसे द्यायची तयारी आहे.

रानवारा

पैसे देऊन असं माणूस मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही. आमच्या आप्पांच्या वेळी गावातली हरिपाठाची मंडळी संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायची. आप्पांना ते आवडायचं. पण आईंना विचारल्याशिवाय कोणाला बोलावू नका. माझ्या आत्याला भजन ऐकू आलं की वाटायचं, हे आपल्याला पोचवायला आलेत.

ओसरी (पुणे)

मी ३१ वर्षं विमा कार्यालयात कारकुनी केली. निवृत्तीनंतर सहा वर्षं अशा घरांमध्ये सोबतीला बसते. पैसे घेत नाही, पॅलिएटिव्हच्या टीमबरोबर जाते. डूला वगैरे आम्ही म्हणत नाही, 'सोबतीला बसणं' एवढंच.

आधी आईंच्या प्रश्नाचं बघा, आणि आजच बघा. जवळ बसून म्हणा, "आई, तू त्या दिवशी विचारलंस आणि मी टाळलं. तुला काय वाटतं?" आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणं फार जड जातं, पण राहा. त्यानंतर जे निघतं ते पुष्कळदा मरणाबद्दलचं नसतंच. एका आजींच्या मनात फक्त शेजारणीचं पुरणयंत्र परत करायचं राहिल्याचं होतं. त्यांच्या नातवाने ते देऊन येईपर्यंत त्या डोळे मिटायला तयार नव्हत्या.

जेवणाचं सांगते. शरीर मिटत आलं की त्याला अन्न नकोसं होतं. जबरदस्तीने भरवलेलं सूप श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, जीव घाबरा होतो. मागितलं तर चमचाभर द्या, नाही तर नको. तुमच्या ताईंचा जीव तुटतोय, त्यांना दुसरं काम द्या. व्हिडिओ बंद, फोन आईच्या कानाशी, आणि त्यांनी नुसतं बोलायचं. लहानपणीची एखादी खोडी, आज डब्याला काय केलं, काहीही. आई उत्तर देईनाशी झाली तरी बोलणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपत आलेल्या माणसालाही ऐकू येत असू शकतं, म्हणून त्या खोलीत सामानसुमानाच्या आणि अंत्यविधीच्या चर्चाही नकोत.

आता वडील. त्यांना "आत जाऊन बसा" म्हणू नका. इतक्या वर्षांच्या संसारात रिकाम्या हातांनी बायकोजवळ बसायची सवय किती पुरुषांना असते? त्यांच्या हातात पाण्याची वाटी आणि गॉझचा तुकडा द्या. गॉझ भिजवून घट्ट पिळायचा, ओठांच्या कडा, हिरड्या, जीभ हलकेच पुसायची, वरून ओठांना व्हॅसलीन. दर तासाभराने. तोंड कोरडं पडण्याचा त्रास शेवटी फार होतो आणि तो शमवायला डॉक्टर लागत नाही.

एक प्रसंग सांगते. एका निवृत्त एसटी चालकांकडे मी जात होते. शेवटच्या तीन दिवसांत त्यांचा डावा हात गादीवर मागेपुढे व्हायचा आणि ते विचारायचे, "गाडी किती वाजताची?" मुलगी दर वेळी सांगायची, "बाबा, तुम्ही घरी आहात." ते चिडायचे. मी विचारलं, "कुठली गाडी, दादा?" म्हणाले, "महाबळेश्वर." मग आम्ही स्वारगेटहून निघालो. वाई आली, पसरणीचा घाट आला. घाटात म्हणाले, "हॉर्न दे." मुलगीही हळूहळू त्यात आली, तिने पाचगणीला चहा मागितला. प्रवासाचं, तिकिटाचं बोलणं अशा वेळी पुष्कळांच्या तोंडी येतं. वेदना, ताप, औषध यामुळे गोंधळ असेल तर डॉक्टरांना कळवायचंच, पण माणूस शांत असेल तर त्याला घरी ओढून आणू नका.

शेवटचे तास जवळ आले की पाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, त्या माणसाला बहुधा ती जाणवत नसते. कुशीवर वळवा. घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली जाते ती याच वेळी. तेव्हा न्यायचं की नाही, हे आईंना आणि डॉक्टरांना विचारून आत्ताच ठरवा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४-अ, कोणते डॉक्टर येऊन देतील हेही आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता त्यासाठी दारोदार फिरणारी मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. नोंदणीला २१ दिवस असतात, तिची घाई नाही.

घरी निभावेनासं झालं तर त्यात अपराध मानू नका. अशा रुग्णांना ठेवून घेणारं पुण्यातलं वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत.

मलबारचा पाहुणा

नोकरीमुळे अकरा वर्षं कोळिकोडमध्ये आहे. इथे १९९३ मध्ये मेडिकल कॉलेजात पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली, पुढे शेजारपाजारची माणसंच शिकून घरोघरी जायला लागली. आठवड्याचे दोन तास द्यायचे. आमच्या गल्लीतून एक रिक्षावाले आणि एक शाळामास्तर जातात. घरमालकांच्या आजारपणात मास्तर दर मंगळवारी यायचे, पेपर वाचून दाखवायचे, जायचे. घरमालकीण तेवढ्यात अंघोळ उरकून घ्यायची. तिला दुसरी कसलीच मदत नको होती.

तुमच्या सोसायटीत असं एखादं माणूस असेलच. "कधीही या" म्हणू नका. वार आणि वेळ ठरवून द्या.

गोदाकाठ (नाशिक)

रात्री विचारलं आईला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांना गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही, त्याचं काय करशील?" पाऊण तास आम्ही त्याच्यावरच बोललो. इंडक्शनची शेगडी घ्यायची ठरली, कुठल्या कंपनीची तेही तिनेच सांगितलं.

समोरच्या कुलकर्णीकाकू सोमवार, गुरुवार चार वाजता येणार आहेत. आईनेच त्यांचं नाव सुचवलं.

सकाळी बाबांच्या हातात वाटी दिली. पहिल्यांदा गॉझ तसाच लावला, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. आई डोळे न उघडता म्हणाली, "अहो, पिळा आधी." आता साडेअकरा वाजलेत, ते अजून आतच आहेत.