जीपीयू अडवून ठेवणं हाही वापरच धरावा का?

निरंतर (धागाकर्ता)

आमच्या संशोधन गटाने क्लाउडवर सामायिक यंत्रं घेतली आहेत. जीपीयू, म्हणजे मोठी गणितं झपाट्याने करणारी कार्डं, मोजके, वापरणारे भरपूर. मोठी कामं स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगेतून जातात. काही यंत्रं मात्र ज्युपिटर नोटबुकसाठी (ब्राउझरमधून थोडा थोडा कोड चालवून बघायची सोय) रांगेबाहेर मोकळी ठेवली आहेत, तिथे जो आधी येईल त्याचा जीपीयू. वाद आहे तो या मोकळ्या यंत्रांवरून.

कुठल्याही रात्री तिथे लॉगिन करून एनव्हिडिया-एसएमआय ही जीपीयूची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवा. मेमरीचा रकाना काठोकाठ भरलेला दिसतो आणि वापराच्या रकान्यात शून्य टक्के. खालच्या ओळीत तेच, त्याच्या खालीही तेच. मॉडेलचं ट्रेनिंग संध्याकाळीच संपलेलं असतं, ब्राउझरची टॅबही बंद झालेली असते, पण मागचा कर्नल, म्हणजे नोटबुकचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, जिवंत असतो आणि मेमरी सोडत नाही. टेन्सरफ्लो हे मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर तर वेगळं सांगितलं नाही तर सुरू होतानाच जीपीयूची जवळजवळ सगळी मेमरी ताब्यात घेतं, गरज कितीही थोडी असो. आणि त्याच वेळी रांगेत दुसऱ्या कुणाचं काम ‘पेंडिंग’ म्हणून ताटकळत असतं. जागेवर रुमाल टाकून निघून जावं, तसा हा प्रकार आहे.

माझं म्हणणं एवढंच, की हिशोब धरून ठेवलेल्या वेळाचा व्हावा. स्लर्मची फेअर-शेअर पद्धत, जीपीयूंचं वजन त्यात नीट लावलेलं असेल तर, हेच करते. चार जीपीयू दहा तास घेतले की चाळीस जीपीयू-तास तुमच्या नावावर चढतात, आत गणित चाललं की नाही ते ती बघत नाही. नावावरचा आकडा वाढला की पुढच्या कामाचा अग्रक्रम उतरतो. नोटबुकांनाही हेच लावा, आणि ठरावीक वेळ निपचित पडलेला कर्नल आपोआप बंद करा. यात कुणावर अन्याय होत असेल तर सांगा.

अर्धविराम

माझ्यावर होतो, म्हणून सांगतो.

शोधकाम करणारा माणूस काय करतो? एक प्रयोग चालवतो, लॉसचा (मॉडेल किती चुकतंय त्याचा) आलेख बघत बसतो, तो असा का वाकला याचा विचार करतो, दोन पेपर उघडून बघतो, मग एक आकडा बदलून पुन्हा चालवतो. या मधल्या विचाराच्या वेळात जीपीयू शून्यावर असतो. मोठा डेटा आणि मॉडेल मेमरीत चढवायलाच इतका वेळ जातो, की दर वेळी सोडून पुन्हा चढवायचं म्हटलं तर दिवस त्यातच संपेल. आणि सोडलेला जीपीयू परत कधी मिळेल? आज रात्री? परवा? लोक जीपीयू अडवतात ते हावरटपणाने नव्हे, परत मिळण्याची खात्री नाही म्हणून. आधी ती खात्री द्या, मग शिस्तीच्या गोष्टी करा.

दुसरं, तुमचं ते शून्य टक्के. त्या रकान्याचा अर्थ एवढाच, की मोजणीच्या काळात किती टक्के वेळ जीपीयूवर काही ना काही चालू होतं. कार्डाची किती ताकद कामाला लागली, हे तो सांगत नाही. अगदी क्षुल्लक काम सतत चालू ठेवलं तरी तिथे शंभर दिसतं. या आकड्यावरून तुम्ही कर्नल मारायला लागलात, तर आठवड्याभरात प्रत्येकाच्या नोटबुकात एक पोकळ लूप फिरायला लागेल. मग आकडाही छान दिसेल आणि जीपीयूही अडलेलाच राहील.

सुमेधा_प

@अर्धविराम, खात्रीचा मुद्दा मान्य. पण विचार करायला अख्खं कार्ड कशाला लागतं? एनव्हिडियाच्या ए१०० पासून, म्हणजे २०२० पासून, एका कार्डाचे सातपर्यंत वेगवेगळे तुकडे करता येतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. आलेख बघत, आकडे बदलत जे काम चालतं, त्यातलं बरंचसं अशा तुकड्यावर होतं. अख्खं कार्ड लागेल तेव्हा स्क्रिप्ट बनवून रांगेत टाका.

आणि चेकपॉइंट ठेवायची, म्हणजे कामाची अवस्था मधून मधून डिस्कवर जतन करायची, सवय लावून घ्यायलाच हवी. स्वस्तातली, पण कधीही काढून घेतली जाणारी स्पॉट यंत्रं घेणारे हे रोज करतात. अॅमेझॉन यंत्र काढून घेण्याआधी दोन मिनिटांची सूचना देतं, गूगल तर तीसच सेकंदांची. तेवढ्यात सगळं आवरायचं तर आधीपासून जतन करत राहावं लागतं. ज्याच्या कामाची अवस्था डिस्कवर आहे, त्याला कार्ड सोडायची भीती वाटत नाही.

तुम्ही म्हणता तो पोकळ लूप कुणी खरंच फिरवला, तर तो फुकट वीज खात राहील, कुणाच्याही कामी न येता. हे टाळायचा उपाय नियम न करणं हा नाही.

रोखठोक

मला ही सगळी चर्चाच अस्थानी वाटते. सामायिक यंत्रणेत चांगुलपणावर विसंबून राहू नये. जे व्यवस्थेने दिलं ते मी वापरणार. जास्त वाटत असेल तर मर्यादा घाला, मी मुकाट पाळेन. पण मर्यादा घालायची नाही आणि वर माझ्याकडे जाब विचारणाऱ्या नजरेने बघायचं, हे बरोबर नाही.

सॉफ्टवेअरच्या तयार ‘इमेज’ पुरवणाऱ्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून हेच केलं. अनामिक वापरासाठी सहा तासांत १०० पुल (इमेज उतरवून घेणं), फुकट खातं काढून लॉगिन केलंत तर २००. लोकांनी आरडाओरडा केला, मग उतरवलेल्या इमेज साठवून ठेवणारा कॅश आपापल्याकडे बसवला आणि कामाला लागले. एकच इमेज दर बिल्डला नव्याने ओढायची वाईट सवय त्या आकड्यामुळे सुटली. आधी कित्येक वर्षं ‘जपून वापरा’ म्हणून सुटली नव्हती.

मृण्मयी_क

@रोखठोक, तुमच्याच उदाहरणात त्या आकड्याचा भुर्दंड कुणाला पडला तेही बघा. अनामिक पुल आयपी पत्त्यावरून मोजले जात होते. म्हणजे एकाच पत्त्यामागून बाहेर पडणारं अख्खं कार्यालय किंवा वसतिगृह त्या शंभरात. एकाने खराब स्क्रिप्ट लिहिली की बाकीच्यांचे दरवाजे बंद.

सरसकट मर्यादेत सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि हे वारंवार झालंय. गिटहब अॅक्शन्सचंच घ्या, म्हणजे गिटहबवरच्या प्रकल्पांचा कोड आपोआप चालवून तपासणाऱ्या सेवेचं. लोक अनोळखी प्रकल्पांना पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारायची विनंती) पाठवायचे आणि तिच्या आडून दुसऱ्याच्या फुकट मिनिटांवर क्रिप्टो मायनिंग चालवायचे. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये नियम आला, की पहिल्यांदा योगदान देणाऱ्याच्या वर्कफ्लोला प्रकल्प सांभाळणाऱ्याने आधी मंजुरी द्यायची. मायनिंगवाले दुसरीकडे गेले. मंजुरीची वाट बघत राहिला तो पहिला पॅच पाठवणारा नवखा मुलगा. अॅप चालवायला जागा देणाऱ्या हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकट योजनाच गुंडाळली आणि कारणांमध्ये गैरवापर स्पष्ट सांगितला. कितीजणांचा पहिलावहिला प्रकल्प त्यावर उभा होता!

गूगलच्या फुकटच्या कोलॅब या नोटबुक-सेवेवर एक नोटबुक फार तर बारा तास चालतं, तेही जागा असेल तर. मर्यादा चुकवायला अनेक खाती काढू नयेत हे त्यांच्या नियमांत लिहिलेलं आहे. तरी लोक काढतातच, आणि ‘व्यवस्थेने दिलं ते घेतलं’ हेच कारण देतात. नियम कधीच पुरे पडत नाहीत. तुमच्यासारखा विचार करणारे जितके वाढतील, तितके ते अजून कडक होत जातील, आणि ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही त्यांना आधी लागतील.

रोखठोक

मी खोटी खाती काढा असं कुठे म्हटलं? नियम मोडणं वेगळं आणि नियमात राहून पुरेपूर वापरणं वेगळं. या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नका.

कुंतल

मी अशी एक यंत्रणा सांभाळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नियमात राहूनही किती नासधूस होते ते बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात मोठं दुखणं जीपीयूचं नाहीच, मागणीपत्राचं आहे. तीन तासांच्या कामाला लोक सात दिवसांची वेळ मागतात, ‘असू दे, मध्येच मेलं तर?’ म्हणून. स्लर्मकडे बॅकफिल नावाची सोय आहे. मोठ्या कामासाठी यंत्रं जमवताना मध्ये ज्या रिकाम्या फटी पडतात, तिथे ते छोटी कामं आधी बसवून घेतं, मोठ्या कामाला उशीर होत नसेल तर. पण काम छोटं आहे हे त्याला कळणार कसं? तुम्ही लिहिलेल्या वेळेवरूनच. सात दिवस लिहिलेत की तुमचं तीन तासांचं काम फटीत बसत नाही. त्यात नुकसान तुमचंच, आणि फटही वाया जाते.

तेच मेमरीचं. आठ जीपीयूंच्या यंत्रावर कुणी एकच जीपीयू मागतो, पण सोबत यंत्राची जवळजवळ सगळी रॅम. झालं, उरलेले सात जीपीयू रिकामे असूनही कुणाला देता येत नाहीत. आकडेवारीत मात्र त्या माणसाच्या नावावर एकच जीपीयू दिसतो. काम संपल्यावर सेफ (seff) नावाची स्लर्मची छोटी आज्ञा चालवली की मागितलेल्यापैकी किती रॅम खरंच लागली ते कळतं. दोन सेकंदांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

म्हणून ‘समान वाटप’ म्हणजे काय हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बर्कलीच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर एक पद्धत मांडली, तिच्यातलं उदाहरण मला फार आवडतं. यंत्रणेत ९ सीपीयू आणि १८ जीबी रॅम. पहिल्याच्या प्रत्येक कामाला १ सीपीयू आणि ४ जीबी लागते, दुसऱ्याच्या प्रत्येक कामाला ३ सीपीयू आणि १ जीबी. सगळं निम्मं-निम्मं वाटलं तर पहिल्याची दोन कामं बसतात आणि दुसऱ्याचं एकच, बाकी पडून राहतं. त्यांनी असं केलं, की ज्याला ज्या गोष्टीची भूक जास्त, त्याचा त्या गोष्टीतला वाटा मोजायचा आणि हे वाटे सारखे राखायचे. मग पहिल्याला तीन कामं, म्हणजे १८ पैकी १२ जीबी. दुसऱ्याला दोन, म्हणजे ९ पैकी ६ सीपीयू. दोघांनाही दोन-तृतीयांश, आणि दोघांचीही कामं आधीपेक्षा जास्त. या पद्धतीत खोटी मागणी फुगवून फायदा होत नाही हेही त्यांनी सिद्ध केलंय.

@निरंतर, तुमच्या प्रस्तावात मी एवढीच भर घालेन, की धरून ठेवलेल्या वेळात फक्त जीपीयू मोजू नका. रॅमही मोजा.

निरंतर

कुंतल, रॅमचा मुद्दा पटला, प्रस्तावात घेतो.

@अर्धविराम, वापराचा तो रकाना फसवा आहे हे मान्य, पण त्याने माझा मुद्दा उलट पक्का होतो. हिशोब टक्केवारीवर ठेवला तर लूप फिरवून चुकवता येईल. धरून ठेवलेल्या वेळावर ठेवला तर कितीही लूप फिरवा, तास चढतच राहणार. चुकवायचा एकच मार्ग, जीपीयू सोडणं. कर्नल आपोआप बंद करण्याचा आग्रह मी सोडतो. नुसता तासांचा हिशोब ठेवला तरी पुरे.

अर्धविराम

हे आधीपेक्षा बरं आहे. तरी माझी अडचण संपत नाही.

समजा प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरलेत. या काळात मी जास्त वापरणारच, वर्षभर कमी वापरलंय म्हणून. पण फेअर-शेअरची आठवण छोटी असते. स्लर्ममध्ये मूळ सेटिंग ठेवलं तर जुन्या वापराचं वजन दर सात दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे माझा वर्षभराचा काटकसरीपणा त्याला दिसतच नाही, आणि गेल्या आठवड्यातली धावपळ ठळक दिसते. ऐन गरजेला मी रांगेच्या तळाशी. शेवटच्या महिन्यात जो अडकलाय त्याला विचारा, तो जीपीयू सोडेल का ते.

सुमेधा_प

मग ती आठवण लांबवा! तो आकडा काही दगडावर कोरलेला नाही. पण तो कुणी ठरवायचा, हा मला खरा प्रश्न वाटतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी यांच्या अभ्यासावर. ज्या ठिकाणी सामायिक गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकली, तिथे नियम वापरणाऱ्यांनीच मिळून केलेले होते, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच होते, आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी होती. आपल्याकडे आकडे एकजण बसवतो, आणि ते काय आहेत हे बाकीच्यांना काम अडल्यावरच कळतं. कुणी किती तास धरले याची यादी दर आठवड्याला सगळ्यांना दिसू द्या.

रोखठोक

नावांसकट यादी लावायला माझा विरोध. ज्याचं काम जड आहे तो त्या यादीत कायम वर दिसणार आणि लोक त्याला चोर समजणार. मॉडेल मोठं असणं हा गुन्हा नाही.

मृण्मयी_क

नुसते तास लावले तर तसं होईल. त्याशेजारी मागितलेलं किती आणि लागलं किती हेही लावा. जड काम आणि वाया घालवलेलं काम यातला फरक आपोआप दिसेल.

कुंतल

करून बघू. माझ्याकडच्या यंत्रणेवर मी पुढच्या महिन्यापासून दोन कार्डांचे तुकडे करून नोटबुकांना देतोय, प्रत्येकाला एका वेळी एकच तुकडा, चार तासांनी मुदतवाढ मागायची. रांगेत कुणी नसेल तर वाढ आपोआप मिळेल. जुन्या वापराचं वजन सातऐवजी तीस दिवसांनी निम्मं होईल असं ठेवतो. यादी सगळ्यांसाठी उघडी, पण पहिला महिना नावांशिवाय.

अर्धविराम

तुकड्यांचं ठीक. चार तासांच्या मुदतीला मात्र माझा विरोध कायम आहे. रांगेत कुणी असेल, तर पाचव्या तासाला माझा मेमरीतला डेटा जाणार की मला आधी सूचना मिळणार? मिळणार असेल तर किती मिनिटांची?