मदत हवी आहे: १६७१ च्या मीठ-जकातीचं पुढे काय झालं?
शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदारांना, नरहरी आनंदरावांना, लिहिलेलं पत्र छापील रूपात वाचलंय. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं (गोव्याचा उत्तर भाग) मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळतात. तर त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे संगमेश्वराकडचं मीठ खपेल, असा हुकूम. केवढी ही नजर! पण त्यानंतर बाजारात काय घडलं, ते मला हवंय. लमाणांचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढायचे, तिथल्या चौक्यांचे हिशेब शोधतोय. पेशवाईतले थळभरीत-थळमोडीचे (माल भरण्याच्या आणि विकण्याच्या जागी घेतलेल्या जकातींचे) कागद पाहिले, ते फार नंतरचे. मोडी वाचता येते, पोर्तुगीज नाही. १६७१ ते १६८० मधली मीठ-जकातीची एखादी नोंद, मोडीत किंवा पोर्तुगीज कागदांच्या भाषांतरात, कुणी पाहिली आहे का? कुठे?